रंगाईतील दोष आणि त्यांची मोजणी : सांख्यिकीय गुणवत्ता-सुधार पद्धतींची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : वस्त्ररंगाई, सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रण, सिक्स सिग्मा, रंगफरक, फेररंगाई, मुलुंड-डोंबिवली पट्टा

प्रस्तावना

मुलुंड हे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील मध्य रेल्वेवरचे शेवटचे स्थानक. येथून जुन्या आग्रा रोडने, म्हणजेच आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाने, दक्षिणेकडे गेल्यास घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन ही १९५४ साली स्थापन झालेली, 'बीट्रा' या संक्षिप्त नावाने परिचित असलेली संशोधन संस्था लागते. उत्तरेकडे ठाणे ओलांडले की एकीकडे भिवंडीचे यंत्रमाग आणि दुसरीकडे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कापड-प्रक्रियेचे कारखाने, म्हणजे व्यवहारातील 'प्रोसेस हाऊस', सुरू होतात. वस्त्ररंगाईचे शास्त्र ज्या संस्थेत तपासले जाते ती आणि जेथे प्रत्यक्ष कापड रंगते ते कारखाने यांच्या मधोमध मुलुंड आहे. लोकलने हे अंतर तासाभराचे असले, तरी ज्ञानाच्या वाटेने ते आजही पुरते कापले गेलेले नाही.

रंगाईत सांख्यिकीय पद्धतींचा वापर करावा, हा विचार आता नवा राहिलेला नाही. नियंत्रण तक्ते, पॅरेटो आलेख, कारण-परिणाम आकृती आणि 'सिक्स सिग्मा'ची पंचपदी यांचा अवलंब करून फेररंगाईचे प्रमाण घटविल्याचे दावे उद्योगाच्या परिसंवादांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत वारंवार आढळतात. या पद्धती उपयुक्त आहेत, याविषयी दुमत नाही. मात्र रंगाईत नेमके काय मोजले जाते, 'दोष' कशाला म्हटले जाते आणि त्या दोषाची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न बहुधा मागे पडतात. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे या पद्धतींच्या वापराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखातील संख्यात्मक उदाहरणे मुद्दा स्पष्ट करण्यापुरती योजलेली आहेत. ती कोणत्याही विशिष्ट कारखान्याची आकडेवारी नाही.

सूतगिरणीकडून मिळालेला वारसा

वॉल्टर शूहार्ट यांचा गुणवत्ता नियंत्रणावरील मूलभूत ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले आणि पुढील दशकात देशातील औद्योगिक केंद्रांमध्ये सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाच्या कामाला आकार येऊ लागला. कापडगिरण्या हा त्या काळातील सर्वांत मोठा संघटित उद्योग असल्यामुळे नव्या शास्त्राची परीक्षा तेथेही होणे स्वाभाविक होते. अहमदाबाद, मुंबई आणि कोइमतूर येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्था याच कालखंडात उभ्या राहिल्या.

तथापि या वारशाचा भर कताईवर होता, हे लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एल. एच. सी. टिपेट यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी वस्त्रोद्योगातील मोजणीला जे वळण दिले, ते प्रामुख्याने सुताच्या आणि मागाच्या प्रश्नांमधून घडले. सुताचा नंबर, सुताची ताकद, धागा तुटण्याचे प्रमाण या गोष्टी एकेका आकड्यात मांडता येतात. चाती दिवसरात्र तेच सूत काढत राहते. त्यामुळे एकाच प्रक्रियेची शेकडो निरीक्षणे सहज हाती येतात. शूहार्टच्या तक्त्याला अशीच सलग आणि एकजिनसी प्रक्रिया मानवते.

रंगाईची स्थिती वेगळी आहे. येथे माल लॉटमध्ये तयार होतो. सकाळचा लॉट गडद निळा, दुपारचा फिका पिस्ता, रात्रीचा मरून. कधी जिगरवर, कधी सॉफ्ट-फ्लो यंत्रात. कापड एकदा इचलकरंजीचे तर एकदा भिवंडीचे. रंग हा गुणधर्मही एका आकड्यात मावत नाही. सूतगिरणीत घडलेले साधन रंगखात्यात जसेच्या तसे नेले, तर ते मोजते एक आणि त्याचा अर्थ लावला जातो दुसराच. आजच्या अनेक प्रकल्प-अहवालांतील उणिवांचे मूळ या उसनवारीत आहे.

शेड कोठे बिघडते

सुती कापडाच्या रंगाईत आज रिॲक्टिव्ह रंगांचे प्राबल्य आहे. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली 'प्रोसिऑन' या नावाने हे रंग बाजारात आणले. हे रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते आणि सोडा ॲशसारखा अल्कली बंध पक्का करतो. परंतु तोच अल्कली पाण्याशी रंगाची प्रक्रियाही घडवतो आणि पाण्याशी जोडला गेलेला रंग धाग्यासाठी निकामी होतो. त्यामुळे पारंपरिक रिॲक्टिव्ह रंगांपैकी साधारणतः ६० ते ८० टक्के रंग कापडावर पक्का बसतो. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातो. पक्का बसणारा हा वाटा तापमान, पीएच, मिठाची मात्रा, वेळ तसेच कापड व पाणी यांचे परस्परप्रमाण या सर्वांवर अवलंबून असतो.

याचा अर्थ असा की, लॉट यंत्राबाहेर येईपर्यंत शेडचा निकाल आधीच लागलेला असतो. स्कोअरिंग-ब्लीचिंग असमान झाले असेल, टँकरच्या पाण्याचा जडपणा बदलला असेल, रंग तोलताना काट्यावर चूक झाली असेल किंवा यंत्रात पाणी अंदाजाने भरले गेले असेल, तर त्या साऱ्याची बेरीज शेवटी शेडमध्ये दिसते.

एक साधे उदाहरण पुरेसे आहे. रंगाची मात्रा कापडाच्या वजनावर ठरते. पण सुती कापड हवेतील ओलावा शोषून घेते. कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा हे कापसाचे प्रमाणित मूल्य मानले जाते. त्या हिशेबाने १०० किलो कापडात सुमारे ९२.२ किलो कोरडा कापूस असतो. पावसाळ्यात गोदामातील कापडाचा ओलावा ११ टक्क्यांवर गेला, तर तेवढ्याच वजनात कोरडा कापूस ९०.१ किलोच भरतो. काट्यावर वजन तेच आणि रंगाची मात्राही तीच. पण प्रत्यक्ष कापसाला मिळणारा रंग सुमारे २.३ टक्क्यांनी वाढलेला. डाईंग मास्टरची चूक नाही, कामगाराचीही नाही आणि रंगाच्या डब्याचीही नाही. तरीही शेड गडद होते आणि 'रंग चढा निघाला' एवढीच नोंद वहीत होते. कारण-परिणाम आकृतीत 'माणूस' या शीर्षकाखाली अशा किती गोष्टी ढकलल्या जातात, याचा विचार व्हावयास हवा.

'पास' या शब्दाचा अर्थ

रंगखात्यातील गुणवत्तेची नोंद बहुधा एकाच स्तंभात होते: लॉट पास की नापास. ही नोंद शेवटच्या तपासणीची असते. दरम्यान त्या लॉटला किती वेळा रंगाची भर, म्हणजे 'ॲडिशन', द्यावी लागली, हे वेगळे मोजले जात नाही. समजा, १०० लॉटपैकी ८० पहिल्याच फेरीत जुळले, १५ ॲडिशनने जुळवले गेले, ३ हायड्रोसने रंग उतरवून पुन्हा रंगवले गेले आणि २ बाद झाले. अंतिम नोंदीप्रमाणे उतारा ९८ टक्के. पहिल्या फेरीचा उतारा मात्र ८० टक्के. या दोन आकड्यांमधील १८ लॉट म्हणजे जादा वाफ, जादा पाणी, जादा वेळ आणि अशक्त झालेले कापड. अंतिम आकडाच पायाभूत मानून सुधारणा मोजली, तर जी गोष्ट सुधारावयाची तीच मोजणीबाहेर राहते.

टप्प्याटप्प्यांच्या प्रक्रियेतही हाच भ्रम निर्माण होतो. कोऱ्या कापडाच्या पूर्वप्रक्रियेपासून सुकवण्यापर्यंत सहा टप्पे असून प्रत्येक टप्पा ९७ टक्के लॉट निर्दोष पुढे पाठवीत असेल, तर प्रत्येक टप्प्याचा प्रमुख समाधानी असतो. पण एकाही टप्प्यावर दुरुस्ती न करावी लागलेले लॉट सुमारे ८३ टक्केच भरतात. टप्पानिहाय अहवालात हा आकडा कोठेही उमटत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा ॲडिशनच्या स्वभावातच आहे. रंगाईतील चूक दोन्ही बाजूंना सारखी नसते. शेड फिकी निघाली तर रंगाची भर घालता येते. गडद निघाली तर रंग उतरवावा लागतो, आणि त्यात कापडाची ताकद व कारखान्याचा पैसा दोन्ही जातात. म्हणून अनुभवी डाईंग मास्टर मूळ कृतीपेक्षा रंग थोडा हात राखून घालतो आणि नंतर भर देऊन शेड गाठतो. बाहेरून आलेल्या सल्लागाराला ही शिस्तीची उणीव वाटते. वास्तविक ती जोखमीची पूर्ण विचारांती केलेली मांडणी आहे, आणि ती आकड्यांत दाखविता येते.

रंगाच्या गडदपणात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक खपतो आणि लॉटालॉटांतील प्रमाण विचलनही ३ टक्के आहे, असे समजू. मास्टरने नेम बरोबर लक्ष्यावर धरला, तर प्रसामान्य वितरणाच्या हिशेबाने सुमारे १६ टक्के लॉट मर्यादेपेक्षा गडद निघतील. म्हणजे दर सहा लॉटमागे जवळपास एक लॉट रंग उतरवण्यासाठी जाईल. हे परवडणारे नाही. म्हणून तो नेम ३ टक्क्यांनी खाली आणतो. आता मर्यादेपेक्षा गडद लॉट २.३ टक्क्यांवर येतात, पण निम्मे लॉट मर्यादेपेक्षा फिके निघून त्यांना ॲडिशन लागते. हीच ती रोजची, अंगवळणी पडलेली फेररंगाई. याउलट, लॉटालॉटांतील विचलन निम्म्यावर, म्हणजे १.५ टक्क्यांवर आणले, तर नेम थेट लक्ष्यावर धरूनही गडद लॉट २.३ टक्केच राहतात आणि ॲडिशन लागणारे फिके लॉटही ५० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर येतात.

या उदाहरणातून निघणारा बोध प्रस्तुत चिकित्सेचा गाभा आहे. ॲडिशनची सवय आदेशाने मोडत नाही. वजन, ओलावा, पाणी आणि पूर्वप्रक्रिया यांतील चढउतार कमी झाले की हात राखण्याचे कारणच उरत नाही. विचलन आहे तेवढेच ठेवून 'ॲडिशन बंद' असा फतवा काढणारा कारखाना रंग उतरवण्याचे लॉट वाढवून घेतो आणि मग सांख्यिकी पद्धतच निरुपयोगी ठरवून मोकळा होतो.

सिग्मा-पातळीचा मोह

'सिक्स सिग्मा'ची पद्धत १९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीत विकसित झाली. व्याख्या, मोजणी, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण हे तिचे पाच टप्पे तर्कशुद्ध आहेत. अडचण आहे ती दर दहा लाख संधींमागील दोष आणि त्यावरून काढलेली सिग्मा-पातळी या मापाची. दहा लाखांत ३.४ दोष हा प्रसिद्ध आकडा प्रक्रियेचा मध्य दीर्घकाळात १.५ सिग्माने सरकतो, या गृहीतकावर उभा आहे. हे गृहीतक रंगाईला लागू पडते की नाही, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल. तशी तपासणी न करताच आकडा वापरण्याची प्रथा आहे.

दुसरी अडचण 'संधी' या शब्दाची. १०० लॉटपैकी २० सदोष असतील आणि प्रत्येक लॉट ही एक संधी मानली, तर दहा लाखांमागे २ लाख दोष आणि सिग्मा-पातळी सुमारे २.३ येते. त्याच लॉटमध्ये शेड, डाग, पट्टे, चुण्या, धुण्याचा पक्केपणा अशा दहा संधी धरल्या आणि दोष तेवढेच राहिले, तर दहा लाखांमागे २० हजार दोष आणि पातळी सुमारे ३.५ होते. कारखान्यात एकही गोष्ट बदललेली नसताना अहवालात मोठी सुधारणा दिसते. ज्या अहवालात संधींची यादी दिलेली नाही, त्यातील सिग्मा-पातळीला फारसा अर्थ नाही.

मुंबईकरांना या मोहाचे एक परिचित उदाहरण आठवेल. येथील डबेवाल्यांच्या कामाला 'सिक्स सिग्मा' म्हणण्याचा प्रघात रूढ झाला आणि तो अभिमानाने मिरवलाही गेला. डबेवाल्यांची अचूकता निर्विवाद आहे. पण ती डब्यावरील खुणा, टोळीची अंतर्गत शिस्त आणि वर्षानुवर्षे पाठ झालेला मार्ग यांतून आली आहे. सिग्मा तेथे शाबासकीचा शब्द म्हणून आला, चौकशीचे साधन म्हणून नाही. रंगखात्यातही तो पुष्कळदा तसाच येतो.

तिसरी अडचण घाईची आहे. महिन्याला ५० लॉट घेणाऱ्या एका यंत्रावर फेररंगाई २० टक्के होती आणि 'सुधारणा' झाल्यावर पुढच्या महिन्यात ती १२ टक्क्यांवर आली, असे मानू. म्हणजे १० लॉटच्या जागी ६. परंतु २० टक्के सरासरी आणि ५० चा नमुना यांवर काढलेल्या नियंत्रण मर्यादा सुमारे ३ ते ३७ टक्के येतात. १२ टक्के हा आकडा त्यांच्या आत सहज बसतो. काहीही न करता एखाद्या महिन्यात तो तसा येऊ शकला असता. दोन प्रमाणांच्या तुलनेची रूढ कसोटी लावली तरी हा फरक सिद्ध होत नाही. सुधारणा झालीच नाही, असा याचा अर्थ नव्हे; ती झाली हे म्हणण्याइतका पुरावा अद्याप हाती नाही, एवढाच अर्थ आहे. एका महिन्याच्या आधी-नंतरच्या स्तंभालेखावर निष्कर्ष काढणारा अहवाल ज्या शास्त्राचे नाव घेतो, त्याच्याच पहिल्या धड्याकडे पाठ फिरवतो.

एका आकड्यात न मावणारा रंग

रंगफरक मोजण्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि संगणकीय कृतीची सोय आता मध्यम कारखान्यांतही पोहोचली आहे. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ साली शिफारस केलेल्या पद्धतीत उजळपणा, तांबडे-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा असे रंगाचे तीन घटक असतात. या तिन्ही फरकांतून 'डेल्टा-ई' हा एक आकडा काढला जातो. पुढे डोळ्याच्या संवेदनेशी अधिक जुळणारी सीएमसी आणि सीआयई-डीई-२००० ही सूत्रे आली. व्यवहारात 'डेल्टा-ई एकपेक्षा कमी' ही पुष्कळ खरेदीदारांची अट असते.

या आकड्यावर नियंत्रण तक्ता काढणे किंवा प्रक्रियेचा क्षमता-निर्देशांक काढणे ही आजची सर्रास आढळणारी चूक आहे. डेल्टा-ई हे अंतर आहे; ते शून्याखाली जात नाही, त्यामुळे त्याचे वितरण एका बाजूस कललेले असते. प्रसामान्य वितरण गृहीत धरणारी सूत्रे त्यावर लावली, तर येणारा निर्देशांक दिशाभूल करतो. शिवाय या आकड्यात दिशा हरवते. एक लॉट प्रमाणित नमुन्यापेक्षा ०.९ ने तांबूस आणि दुसरा ०.९ ने हिरवट असेल, तर दोन्ही पास होतात. पण एका लॉटच्या बाह्या आणि दुसऱ्या लॉटचे अंग एकाच सदऱ्याला लागले, तर त्यांच्यातील फरक १.८ होतो आणि तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसतो. तिन्ही घटकांचे लक्ष्यापासूनचे फरक वेगवेगळ्या तक्त्यांवर मांडणे किंवा हॅरॉल्ड हॉटेलिंग यांच्या बहुचल पद्धतीने त्यांचा एकत्रित विचार करणे, हा त्यावरील उपाय आहे. लक्ष्यापासूनचा फरक नोंदविला म्हणजे वेगवेगळ्या शेडचे लॉटही एका मालिकेत आणता येतात. मात्र गडद व फिक्या शेडचे विचलन सारखे आहे का, हे आधी पाहून घ्यावे लागते.

मोजणी स्वतः किती विश्वसनीय आहे, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. तोच तुकडा पुन्हा लावला, घडी बदलली किंवा कापड किंचित ओलसर असले, तरी यंत्राचा आकडा बदलतो. तपासनीसाच्या डोळ्यांबाबत हे अधिकच खरे आहे. दिवसाच्या प्रकाशात जुळणारी जोडी दुकानाच्या दिव्याखाली वेगळी दिसू शकते. म्हणूनच तपासणीच्या पेटीत निरनिराळे प्रमाणित दिवे असतात. एकच लॉट दोन पाळ्यांतील दोन तपासनीसांपुढे, नावनिशी झाकून ठेवला आणि निकाल वेगळे आले, तर फेररंगाईच्या आकड्यात रंगाईचे विचलन किती आणि तपासणीचे किती, हे आधी सोडवावे लागेल.

मास्टरचा अनुभव आणि प्रयोगाची आखणी

प्रयोगांच्या आखणीचे शास्त्र रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या ग्रंथाने प्रस्थापित केले. सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या ऑर्थोगोनल सारण्यांचा या शास्त्राच्या औद्योगिक उपयोगाशी निकटचा संबंध आहे, आणि अशा सारण्यांचा उद्योगांत प्रसार करणारे जपानी अभियंते गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होते. जपानी म्हणून आयात होणाऱ्या तंत्राचा एक धागा अशा रीतीने येथलाच आहे.

रंगखात्यात आजही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची रीत आहे. मीठ वाढवून पाहिले, मग तापमान, मग सोडा. परंतु रिॲक्टिव्ह रंगाच्या बाबतीत तापमानाचा परिणाम अल्कलीच्या मात्रेवर अवलंबून असतो. हा परस्परपरिणाम एकेका बदलातून दिसत नाही. मीठ, अल्कली आणि तापमान यांच्या प्रत्येकी दोन पातळ्या घेऊन प्रयोगशाळेत आठ नमुने रंगवले, तर तो दिसतो. आठ लहान नमुने हा कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारा खर्च आहे.

मात्र तागुचींची पद्धतही डोळे मिटून स्वीकारता येत नाही. लक्ष्यापासून दोन्ही बाजूंस सारखेच नुकसान धरणारे त्यांचे रूढ सूत्र रंगाईस लावले, तर मास्टर हात का राखतो हे समजणारच नाही. गडद बाजूची किंमत अधिक, हे सूत्रात घालावे लागेल. आणि ती किंमत पाठ्यपुस्तकाला नव्हे, मास्टरला ठाऊक असते. मुंबईत रंगाईचे विद्यापीठीय शिक्षण १९३३ पासून आहे. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, वस्त्ररसायन हा आरंभीच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक होता. तरीही यंत्रापाशी उभ्या असलेल्या मास्टरचे ज्ञान बव्हंशी तोंडी राहिले. सांख्यिकी पद्धतीचे काम ते ज्ञान खोडून काढण्याचे नसून, त्याला नोंदीचे रूप देण्याचे आहे.

दोषाची किंमत कोण मोजतो

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील संमिश्र गिरण्यांची उतरण वेगाने झाली. सूत, विणाई आणि रंगाई एका छपराखाली असण्याचा काळ संपत गेला आणि ती कामे भिवंडी, डोंबिवली, तारापूर अशा ठिकाणी विखुरली. आग्रा रोडच्या मुलुंड-भांडुप पट्ट्यातील अनेक कारखान्यांच्या जागी मॉल आणि निवासी संकुले उभी राहिली. विखुरलेल्या रंगाईचा मोठा भाग मजुरीवर चालतो: कापड व्यापाऱ्याचे, रंग कारखान्याचा, दर किलोवर किंवा मीटरवर. आलेले कापड कोणत्या सुताचे, याची माहिती बहुधा सोबत येत नाही. विचलनाचा एक मोठा स्रोत अशा रीतीने कारखान्याच्या हाताबाहेर असतो आणि त्याचा दोष मात्र रंगखात्याच्या माथी येतो.

जमाखर्चात ॲडिशनचा रंग, वाफ आणि वेळ एवढेच धरले जाते. सुती कापडाच्या ओल्या प्रक्रियेस किलोमागे साधारणतः ५० ते १५० लिटर पाणी लागते. फेररंगाईत त्यातील मोठा भाग पुन्हा लागतो. मीठ आणि न बसलेला रंग पुन्हा सांडपाण्यात जातो. मीठ सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या जैविक टप्प्यात नाहीसे होत नाही. डोंबिवलीत २०१४ साली पडलेल्या हिरव्या पावसाची आणि २०२० साली गुलाबी झालेल्या रस्त्याची चर्चा राज्यभर झाली. या घटनांना फेररंगाई जबाबदार होती, असे म्हणण्यास आधार नाही. पण रंग कारखान्याच्या कुंपणाआड राहत नाही, हे त्यांनी सर्वांना दाखवून दिले. फेररंगाईची खरी किंमत नाल्याकाठची वस्ती आणि जादा पाळी करणारा कामगार यांच्यातही वाटली जाते, आणि सिग्मा-पातळीच्या सूत्रात त्यांचा समावेश होत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, लहान कारखान्यांना ही सारी मोजणी परवडणारी नाही. आक्षेप अंशतः खरा आहे. बहुचल तक्ते आणि महागडी यंत्रे सर्वांना शक्य नाहीत. परंतु वरील विवेचनातील सर्वांत निर्णायक मोजणी सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक लॉटसमोर कापडाचा ओलावा, पाण्याचा जडपणा, यंत्रातील पाण्याची प्रत्यक्ष पातळी, अल्कली टाकल्यानंतरचा पीएच आणि ॲडिशनची संख्या असे पाच स्तंभ असलेली एक वही पुरेशी आहे. सहा महिन्यांची अशी वही कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलकी ठरेल. तिची एकच अट आहे: नोंद खरी असावी. ॲडिशन लिहिली म्हणून मास्टरची कानउघाडणी होणार असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून वहीत ॲडिशन दिसणार नाहीत, यंत्रात मात्र पडत राहतील. भीती घालवा, हा एडवर्ड्स डेमिंग यांच्या शिकवणीतील आग्रह म्हणूनच संख्याशास्त्राच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. भीतीपोटी लिहिलेल्या आकड्यांवर कोणतेही सूत्र चालत नाही.

समारोप

रंगाईतील सांख्यिकीय पद्धतींचे मूल्य तीन गोष्टींवर ठरते, असे या चिकित्सेतून दिसते. पहिली, मोजणी अंतिम 'पास'ची नव्हे, तर पहिल्या फेरीच्या जुळणीची असावी. दुसरी, लक्ष शेडच्या निकालावरून हटून वजन, ओलावा, पाणी आणि पूर्वप्रक्रिया यांच्या चढउतारांवर यावे. कारण ते घटल्याशिवाय ॲडिशनची गरज घटत नाही. तिसरी, दोषाच्या किमतीत कारखान्याबाहेर जाणारा वाटाही धरला जावा. या तिन्ही गोष्टी वगळून मिळवलेली सिग्मा-पातळी भिंतीवर लावण्यापुरतीच राहते.

या कामात मुलुंड आणि परिसरातील महाविद्यालयांना करण्यासारखे पुष्कळ आहे. संख्याशास्त्राचा विद्यार्थी नियंत्रण तक्त्याची गणिते पुस्तकातील आकड्यांवर सोडवतो आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाण्याचा जडपणा प्रयोगशाळेतील बाटलीत मोजतो. ज्या कारखान्यात या दोन्ही गोष्टींची रोज गरज आहे, तो लोकलने काही स्थानकांच्या अंतरावर आहे. दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका रंगखात्याची एक वही सहा महिने प्रामाणिकपणे ठेवली, तर त्यातून निघणारा प्रकल्प-अहवाल लहान असेल. पण त्यातील प्रत्येक आकड्यामागे एक खरा लॉट उभा असेल.